ब्रिटच्या होबो मेळाव्याला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून निघा

जुलै संपत आला की दरवर्षी मला दोन-चार फोन येतातच, कुणी मिनियापोलिसहून, कुणी शिकागोहून, सगळी आपलीच मराठी मंडळी, की तुम्ही त्या होबोंच्या, म्हणजे मालगाड्यांतून कामासाठी फिरणाऱ्या मजुरांच्या, जत्रेला जाता ना, आम्हालाही यायचंय, काय काय करायचं ते सांगा. प्रत्येकाला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. मी डे मॉइनजवळ राहतो, आजवर चार वेळा जाऊन आलोय. माझं लहानपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं, वडील मालगाडीवर गार्ड होते, त्यामुळे रुळांच्या कडेनं जगणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून ओढ आहे, ती ह्या लिखाणात दिसणारच.

जागा कुठली ते आधी सांगतो. आयोवा राज्यातलं ब्रिट नावाचं गाव, हॅनकॉक काउंटीत, वस्ती जेमतेम दोन हजार. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मधून मालगाडीची लाईन, एक मेन स्ट्रीट, एक पार्क, धान्याचे उंच कोठार. ह्या गावात ऑगस्टच्या दुसऱ्या वीकेंडला नॅशनल होबो कन्व्हेन्शन भरतं आणि तेवढे तीन-चार दिवस गाव माणसांनी फुलून जातं. पहिला मेळावा 22 ऑगस्ट 1900 ला झाला. तेव्हा गावातल्या थॉमस वे आणि टी. ए. पॉटर ह्या दोघांनी पेपरात वाचलं की टूरिस्ट युनियन नंबर 63 नावाच्या होबोंच्या संघटनेचं अधिवेशन झालं, आणि त्यांनी सरळ निमंत्रण धाडलं की पुढचं आमच्याकडे भरवा. गावाचं नाव व्हावं हा हेतू उघड होता, पण झालं काय की नाव तर झालंच आणि वर नातंही जुळलं. मध्ये बरीच वर्षं खंड पडला, मग 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, पुन्हा सुरू झालं ते आजपर्यंत.

सगळ्यात आधी, होबो म्हणजे कोण हे डोक्यात पक्कं करा

हे न करता गेलात तर तिथे दोन वाक्यांत कुणाचं तरी मन दुखवाल. होबो म्हणजे भिकारी नाही आणि चोरही नाही. तिथली जुनी माणसं तीन शब्दांतला फरक अगदी ठासून सांगतात: होबो फिरतो आणि काम करतो, ट्रॅम्प फिरतो पण काम करत नाही, आणि बम ना फिरतो ना काम करतो. कामाच्या शोधात मालगाडीत लपून गावोगाव जाणारा मजूर, असा होबोचा सरळ अर्थ. आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम आला की माणसं घर उचलून निघतात ना, तसंच गव्हाच्या कापणीमागे ही माणसं टेक्सास-ओक्लाहोमापासून वर डकोटापर्यंत सरकत जायची, मग सफरचंदं काढायला वॉशिंग्टनकडे, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापायला, कुठे लाकूडतोड, कुठे नवीन रूळ टाकायचं काम. फक्त इथे मुकादम नव्हता आणि उचल नव्हती, ज्याचा तो.

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 ला संपलं, घरी परतायला पैसे नसलेले सैनिक मालगाड्यांवर चढले, त्यानंतर 1873 ची मंदी आली, आणि पुढे 1930 च्या दशकात तर पंधरा-सोळा वर्षांची पोरं लाखांनी घराबाहेर पडली, कारण घरात खायला तोंडं जास्त आणि अन्न कमी. गावात शिरलं की भटकेगिरीच्या कायद्याखाली पकडून आत टाकायचे, म्हणून 63 जणांनी मिळून ती टूरिस्ट युनियन काढली, खिशात युनियनचं कार्ड असलं की पोलिसाला सांगता यायचं की मी कामगार आहे, असं तिच्या नावामागचं कारण सांगतात.

मग हे सगळं संपत का गेलं असं तिथे कुणालाही विचारा, छान उत्तर मिळतं. वाफेचं इंजिन पाण्यासाठी सारखं थांबायचं, तिथे चढता-उतरता यायचं, डिझेल आल्यावर गाड्या थांबेनात. वाघिणींच्या जागी बंद कंटेनर आले. शेतात कंबाईन हार्वेस्टर आला आणि कापणीला माणसंच लागेनात. म्हणून आज ब्रिटमध्ये जे भेटतात त्यांतले अगदी थोडे जण आयुष्यभर मालगाडीनं फिरलेले असतात, बाकी त्यांची मुलं, नातवंडं, तरुणपणी काही वर्षं फिरून मग नोकरीला लागलेले, काही गाडी किंवा व्हॅनमध्ये राहून फिरणारे ज्यांना तिथे रबर ट्रॅम्प म्हणतात, आणि तुमच्या-माझ्यासारखे पाहुणे.

तारीख आणि मुक्काम

वर्ष लागलं की लगेच त्या वर्षीचा कार्यक्रम बघा, कारण दिवस साधारण ठरलेले असले तरी वेळा पुढेमागे होतात. मुख्य गोष्टी गुरुवार संध्याकाळ ते शनिवार रात्र ह्यात होतात, रविवार आवराआवरीचा. सगळ्यांना वाटतं शनिवारी सकाळी जाऊ, परेड बघू, जेवू आणि परत येऊ. माझं स्पष्ट मत आहे की फक्त शनिवार करू नका. शनिवार ही गावजत्रा आहे, चांगलीच आहे, पण होबो भेटायचे असतील तर गुरुवार आणि शुक्रवार. एक दिवसाची रजा टाका, फार तर शुक्रवारची टाका आणि गुरुवारी अर्ध्या दिवसानं निघा.

गावात राहायच्या खोल्या फारशा नाहीत आणि ज्या आहेत त्या आधीच गेलेल्या असतात. मोटेलं गार्नर, क्लियर लेक, फॉरेस्ट सिटी, अल्गोना, मेसन सिटी ह्या आसपासच्या गावांत शोधा, सगळी पाऊण तासाच्या आत आहेत. मला दुसऱ्या वर्षी एका मोटेलनं बुकिंग असूनही रात्री दहाला खोली नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही चौघं गाडीतच झोपलो, तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करून विचारतोच. तंबू असेल तर सगळ्यात उत्तम. पण होबो जंगलमध्ये, म्हणजे त्यांचा तळ असतो तिथे, परस्पर तंबू ठोकू नका, ती जागा फिरस्त्यांची आहे, तिथे विचारावं लागतं, कधी हो म्हणतात कधी दुसरीकडे जागा दाखवतात.

जायचं कसं, आणि कसं जायचं नाही

डे मॉइनहून सुमारे दोन तास, मिनियापोलिसहून अडीच तासांच्या आसपास, शिकागोहून सहा तास धरा. डे मॉइन आणि मिनियापोलिस दोन्हीकडून येणारे इंटरस्टेट 35 नं क्लियर लेकपर्यंत येतात आणि तिथून हायवे 18 पकडून पश्चिमेकडे, वाटेत गार्नर लागतं, पुढे पंधरा मिनिटांत ब्रिट. रस्ता सरळसोट आहे, शेतांत पवनचक्क्या दिसायला लागल्या की जवळ आलात.

ब्रिटला प्रवासी रेल्वे नाही. रेल्वेच्या मेळाव्याला रेल्वेनं जाता येत नाही ह्याचं पहिल्यांदा मला फार वाईट वाटलं होतं. ट्रेनचीच हौस असेल तर कॅलिफोर्निया झेफिर आयोवाच्या दक्षिण भागातून जाते, शिकागोहून बसून ऑसिओलाला उतरता येतं, तिथून भाड्याची गाडी आधी ठरवून ठेवावी लागते आणि वर अडीच-तीन तास ड्राइव्ह. ही गाडी पुढे डेन्व्हरवरून रॉकीजमधून सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जाते, ज्यांना रेल्वेप्रवास म्हणून रेल्वेप्रवास आवडतो त्यांनी ती स्वतंत्र सुट्टी काढून करावीच.

आता महत्त्वाचं. मालगाडीवर चढून जायचा विचार मनात आला तरी तो तिथेच सोडून द्या. मी हे कळकळीनं लिहितोय कारण एका मित्राचा कॉलेजातला मुलगा मला म्हणाला होता की काका, आपण मुंबईत लोकलच्या दारात लटकतोच की. लोकल आणि अमेरिकन मालगाडी ह्यांचा काही संबंध नाही. दीड-दोन मैल लांबीची गाडी असते, इंजिन निघालं की कपलिंगमधला सैलपणा एकेक वाघीण ओढत मागे येतो आणि शेवटच्या वाघिणीला असा हिसका बसतो की उभा माणूस फेकला जातो. आमचे वडील तीस वर्षं गार्डाच्या डब्यात बसले, ते सुद्धा शंटिंग चालू असताना कठडा सोडायचे नाहीत. इथे दरवर्षी शेकडो माणसं रुळांवर मरतात. शिवाय रूळ, यार्ड, त्याच्या बाजूची पट्टी ही सगळी रेल्वे कंपनीची खासगी मालकी, नुसतं फोटोसाठी रुळावर उभं राहिलात तरी तो गुन्हा, आणि व्हिसावर असाल तर पोलीस केस म्हणजे काय ते सांगायला नको. ब्रिटमधले जुने होबोच नवीन पोरांना हे सांगतात, एकानं मला पँटचा पाय वर करून घोट्याच्या जरा वर लाकडी गुळगुळीत पाय दाखवला, एक शब्द बोलला नाही, परत पँट खाली केली.

बॅगेत काय

ऑगस्टातलं आयोवा म्हणजे उकाडा आणि दमटपणा, मक्याची शेतं इतकी ओल सोडतात की सकाळी चष्म्यावर वाफ धरते. टोपी, पाण्याची मोठी बाटली, सुती कपडे, डासांचं मलम. अचानक वीज-वादळ येतं, तेव्हा पातळ रेनकोट आणि फोनवर हवामानाचे इशारे चालू ठेवा. घडीची खुर्ची विसरू नका, जंगलमध्ये बसायला तीच. आपापला मग, ताटली आणि चमचा घेऊन जा, हे बारीक वाटेल पण स्वतःचा मग घेऊन आलेला पाहुणा तिकडे वेगळाच मोजतात. सुटे डॉलर ठेवा, हातानं केलेल्या वस्तूंच्या टेबलावर कार्ड चालेलच असं नाही.

आणि शेकोटीपाशी द्यायला काहीतरी न्या. कॉफीचा डबा, बटाट्याची पिशवी, कांदे, फळं. दारू नेऊ नका. मी दर वर्षी शेंगदाण्याची चिक्की नेतो, घरी केलेली, गुळाची, ती गोलात फिरते आणि मला मागच्या वर्षी एकजण लांबून बघून "चिकी" म्हणून ओरडला.

वेषभूषा करून जाऊ नका. काठीला लाल रुमालाचं गाठोडं बांधून, तोंडाला काजळी फासून काही लोक परेडला येतात, लहान मुलांना तेवढं चालतं, मोठ्यांनी करू नये. समोरच्यानं ते आयुष्य खरंच काढलेलं असतं.

गुरुवार संध्याकाळ: जंगल आणि शेकोटी

होबो जंगल म्हणजे झाडी नाही. रुळांजवळ, पाण्याच्या जवळ, जिथे होबो एकत्र स्वयंपाक करायचे, कपडे धुवायचे, पुढच्या गाडीची वाट बघायचे त्या तळाला जंगल म्हणतात. ब्रिटमध्ये त्यासाठी रुळांलगत कायमची जागा ठेवली आहे, तिथे मालगाडीचा एक जुना बंद डबा आणून ठेवलाय, मधोमध शेकोटीची जागा.

गुरुवारी तिन्हीसांजेला शेकोटी पेटवतात. चारी दिशांच्या वाऱ्यांना नमस्कार केल्यासारखं काही बोललं जातं आणि मग जाळ धरतो, तो मेळावा संपेपर्यंत विझू देत नाहीत. तुम्ही वेळेआधी जा. गाडी लांब लावा, चालत या, कडेला थांबा, आणि कुणीतरी ओळख करून घेईल तेवढा धीर धरा. गोलात एकदम खुर्ची टाकू नका. नाव सांगताना त्यांचं नाव विचारा पण खरं नाव विचारू नका, तिथे रस्त्यावरचं नाव हेच नाव. स्टीम ट्रेन, हार्ड रॉक किड अशी नावं तुम्ही ऐकाल, त्यातले स्टीम ट्रेन म्हणजे मॉरी ग्रॅहम, ह्या मेळाव्यात पाच वेळा होबोंचे राजे म्हणून निवडून आलेले, 2006 ला गेले, त्यांच्या गोष्टी अजून निघतात. कुठून आलात, घरी कोण आहे, तुरुंगात गेला होतात का, असले प्रश्न टाळा. कुठल्या लाईनवर फिरलात, सगळ्यात लांब कुठली गाडी होती, असं विचारलं की माणूस आपोआप बोलायला लागतो.

ही भाषा थोडी माहीत असावी म्हणून सांगतो. बुल म्हणजे रेल्वे पोलीस. कॅच आउट म्हणजे गाडी पकडून निघणे. बिंडल म्हणजे आपलं बोचकं. क्रंब बॉस म्हणजे तळावरची चूल आणि व्यवस्था बघणारा माणूस, आणि नवख्यानं सगळ्यात आधी ओळख करून घ्यायची ती ह्याची. पहिल्या वर्षी मी तासभर नुसता उभा होतो, कळेना कुठे बसू, शेवटी एका म्हाताऱ्या बाईंना, त्या त्या वर्षी चुलीवर होत्या, विचारलं काही काम आहे का. त्यांनी काही न बोलता एक सुरी आणि बादलीभर बटाटे पुढे सरकवले. बटाटे सोलता सोलता डावीकडचा, उजवीकडचा, दोघंही बोलायला लागले, माझी सालं जाड निघतायत म्हणून डावीकडच्यानं माझ्या हातातली सुरी घेऊन दाखवलं, बटाटा फिरवायचा, सुरी नाही, अशी त्याची रीत, साल एक अखंड लांब पट्टी होऊन बादलीत पडली आणि त्यावर मला पलीकडचं दिसत होतं इतकी पातळ. "उपाशी माणूस असंच सोलतो," एवढंच तो म्हणाला. रात्री साडेअकराला मी उठलो तेव्हा मला तिथल्या आठ-दहा जणांची नावं माहीत झाली होती. तेव्हा काम विचारा. पाणी आणा, लाकडं आणा, भांडी घासा.

काळोख पडला की गिटार, माउथ ऑर्गन, कविता सुरू होतात. होबोंमध्ये कविता पाठ म्हणायची मोठी रीत आहे, तालात, यमक धरून. आपल्यालाही म्हणायला सांगतात, लाजू नका, मराठीत म्हणा, एका वर्षी माझ्या बायकोनं जात्यावरची ओवी म्हटली, अर्थ दोन वाक्यांत सांगितला, आणि ते सगळे शांत बसून ऐकत होते.

मध्येच बाजूच्या लाईनवरून मालगाडी जाते. तेव्हा बोलणं थांबतं, सगळ्यांच्या माना तिकडे, काहीजण हात वर करतात. ती मिनिटं मोबाईल खाली ठेवून नुसती बघावीत.

फोटोबद्दल

हे वेगळं लिहितोय कारण आपली माणसं इथेच चुकतात, मीही चुकलो. पहिल्या वर्षी एका दाढीवाल्या आजोबांचा फोटो मी न विचारता काढला, त्यांनी हाताचा पंजा चेहऱ्यासमोर धरला आणि उठून निघून गेले. राग नव्हता, पण तो शेकोटीवरचा गोल माझ्यामुळे मोडला. नंतर माफी मागायला गेलो तर म्हणाले, आयुष्यभर माझा फोटो फक्त पोलिसांनी काढलाय. परेडमध्ये, स्टेजवर बिनधास्त काढा. जंगलमध्ये आणि दफनभूमीत विचारूनच, आणि नाही म्हटलं की विषय संपला.

शुक्रवार: दफनभूमी

माझ्या मते पूर्ण मेळाव्यातला हाच खरा दिवस आहे. गावाच्या एव्हरग्रीन दफनभूमीत एक भाग होबोंसाठी राखून ठेवलाय. ज्या माणसांना कुठेच घर नव्हतं त्यांना ह्या दोन हजारांच्या गावानं आपल्या माणसांच्या शेजारी जागा दिली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभा होतो. दगडांवर रस्त्यावरची नावं कोरलेली आहेत, कुठे रेल्वेचं इंजिन, कुठे चिन्हं.

सकाळी तिथे सभा होते, सगळे हातातल्या काठ्या घेऊन गोल उभे राहतात. होबोंची काठी ही साधी वस्तू नाही, कित्येकांनी ती स्वतः कोरलेली असते आणि गेलेल्या माणसाची काठी पुढच्याकडे जाते. मग आजवर गेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. मेला असा शब्द वापरत नाहीत, त्यांनी वेस्टबाउंड पकडली असं म्हणतात, पश्चिमेकडची गाडी. नावं खूप असतात आणि वेळ लागतो, ऊन चढलेलं असतं, तरी कुणी हलत नाही.

इथे कसं वागायचं ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. टोपी काढा, फोन बंद, मागच्या रांगेत उभे राहा, लहान मूल कुरकुरलं तर बाजूला घेऊन जा. सभा झाल्यावर लगेच गाडीकडे पळू नका. लोक दगडांपाशी जातात, हात ठेवतात, एखादा तिथेच बसून गोष्ट सांगायला लागतो. ज्या माणसाबद्दल सांगतोय तो पायाखाली आणि सांगणारा ऐंशीच्या घरातला.

संग्रहालय आणि आचारसंहिता

दुपारी उन्हात फिरण्यापेक्षा होबो म्युझियम बघा. जुन्या चीफ थिएटरच्या इमारतीत आहे, मेन स्ट्रीटवरच. लहान आहे, तासाभरात होतं, बोचकी, काठ्या, फोटो, राजे-राण्यांचे मुकुट, कोरीव नाणी. ती नाणी नीट बघा. 1913 ते 1938 मध्ये निघालेलं पाच सेंटचं नाणं, एका बाजूला रेड इंडियन माणसाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला गवा, हे नाणं त्यातल्या त्यात मऊ म्हणून खिशातल्या चाकूनं त्या डोक्याला दाढी, टोपी असं काही कोरायचे आणि एका जेवणाच्या बदल्यात द्यायचे.

चिन्हांचा तक्ताही दिसेल, मांजराचं चित्र म्हणजे इथे दयाळू बाई राहते वगैरे. हा तक्ता सगळ्यांना फार आवडतो, टी-शर्टावर पण असतो. माझा सल्ला, त्यावर फार भर देऊ नका. प्रत्यक्षात ही चिन्हं किती वापरात होती ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मालगाडीच्या डब्यांवर खडूनं आपलं नाव आणि तारीख लिहून जायची रीत मात्र पक्की, फाटकापाशी थांबलात तर आजही डब्यांच्या कोपऱ्यांत अशी रेखाटनं दिसतात.

1889 ची म्हणून सांगतात ती होबोंची आचारसंहिता मात्र वाचून जा. आपलं आयुष्य आपण ठरवा, दुसऱ्याला ठरवू देऊ नका. गावात गेलात की तिथल्या कायद्याचा मान ठेवा. अडचणीतल्या माणसाचा फायदा घेऊ नका. काम मिळत असेल तर करा, कुणालाच नको असलेलं काम सुद्धा करा. जंगल स्वच्छ ठेवा. आणि घरातून पळून आलेलं पोर भेटलं तर त्याला समजावून घरी पाठवा. ज्यांनी स्वतः घर सोडलेलं त्यांनी हे कलम घातलंय.

शनिवार: परेड, रस्सा, राजा-राणी

सकाळी लवकर गावात पोहोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. परेड आपल्या कुठल्याही गावच्या मिरवणुकीसारखी, ट्रॅक्टर, शाळेचा बँड, अग्निशामक गाडी, होबो एका गाडीवर बसून हात करत जातात, मुलांवर चॉकलेट उधळतात. मुलांना पिशवी द्या.

मग पार्कमध्ये मलिगन स्ट्यू. होबोंचा हा मूळ पदार्थ, ज्याच्याकडे जे असेल ते एका भांड्यात, कुणाचं गाजर, कुणाचा बटाटा, कुणाचं हाडूक. गावातली माणसं मोठमोठ्या हंड्यांत शिजवतात आणि येईल त्याला फुकट वाढतात, जवळ देणगीचा डबा असेल तर त्यात टाका. त्यात बीफ असतं, हे नीट लक्षात ठेवा. शाकाहारी मंडळींनी, बीफ न खाणाऱ्यांनी आपला डबा आणावा, पोळीभाजी, दशम्या, काहीही, पार्कात गवतावर बसून खाता येतं. पण रांगेत उभं राहून वाढणाऱ्यांशी दोन शब्द बोलायला हरकत नाही, मी तसंच करतो. पेट्रोल पंपावरच्या दुकानात चीज पिझ्झा मिळतो, इकडे तो बरा असतो.

दुपारी राजा-राणीची निवड. उमेदवार एकेक करून माइकपाशी येतात, दोन-तीन मिनिटं बोलतात, कुणी आयुष्य सांगतो, कुणी कविता म्हणतं, आणि टाळ्या कुणाला जास्त त्यावरून ठरतं. उमेदवार मात्र होबोंच्या मान्यतेतला लागतो, कुणीही उठून उभं राहू शकत नाही. टाळी तुमचीही मोजली जाते, तेव्हा आधी दोन दिवस जंगलमध्ये बसला असाल तर कुणासाठी वाजवायची हे तुम्हाला ठाऊक असतं. मुकुट असतो कॉफीच्या पत्र्याच्या डब्याचा. एका वर्षी तो मी हातात घेऊन बघितला, कात्रीनं कापून टोकं बाहेर वळवलेली, कडेची धार कपाळाला लागू नये म्हणून आतून कापडाची पट्टी. राजा-राणी मग वर्षभर शाळांत, वृद्धाश्रमांत जाऊन होबोंच्या गोष्टी सांगतात.

संध्याकाळी परत शेकोटी. दमलात तरी तासभर जा, शनिवारची रात्र सैलावलेली असते, निवड झालेली असते, गोष्टी जास्त रंगतात.

मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर

मुलांना जरूर न्या. रूळ जवळ आहेत म्हणून हात सोडू नका, मालगाडी लांबून हळू वाटते आणि आवाज यायच्या आत जवळ आलेली असते. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही न्या, सावलीची खुर्ची आणि भरपूर पाणी एवढं सांभाळा. माझे वडील 2019 ला आले होते, इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, पण एका जुन्या होबोबरोबर ते दोघं जमिनीवर काटकीनं कपलिंगची चित्रं काढत बसले, हा म्हणे आमच्याकडे असं, तो म्हणे आमच्याकडे असं, दीड तास. मी मध्ये दुभाष्या व्हायला गेलो तर वडिलांनी हातानंच मला जा म्हणून खुणावलं.

रविवार

घाई नसेल तर सकाळी आठ-साडेआठला जंगलमध्ये जा. तंबू सुटत असतात, राख गार करत असतात, कागद-डबे गोळा करायला हात लागतात. ज्या क्रंब बॉसनं तुम्हाला पहिल्या दिवशी काम दिलं त्याला किंवा तिला शोधा, पोत्यांची तोंडं बांधायला मदत करा. निघताना इथे गुडबाय म्हणत नाहीत, पुढे रस्त्यात भेटू म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मग गाडीत पेट्रोल ब्रिटलाच भरून घ्या, रविवारी सकाळी पुढच्या गावांत पंप उघडे असतील ह्यावर विसंबू नका, आणि खुर्च्या मोजून डिकीत टाका, आमची एक दर वर्षी तिथेच राहते.